चढउताराचं कूळ कापसाचं

उद्या बाजार किती हलेल, याचं गणित आज प्रत्येक मोठ्या शेअर बाजाराच्या पोटात चालू असतं. भाव वर जाईल की खाली, हे ते सांगत नाही. हलला तर किती हलेल, एवढंच सांगतं. त्या एका आकड्यावर वायद्याचं मार्जिन ठरतं, ऑप्शनची किंमत ठरते, बँकेने किती भांडवल राखून ठेवायचं ते ठरतं. या गणिताचे जन्मदाखले परदेशी विद्यापीठांचे आहेत आणि त्याची भाषा शेअर, निर्देशांक, डॉलर यांची आहे. पण त्याचं कूळ काढायला बसलं आणि एकेक पिढी मागे गेलं, की आपण कापसाच्या गंजीपाशी येऊन पोचतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. भावाच्या ज्या उसळीने हा जिल्हा दीडशे वर्षं घडवला आणि मोडला, तिच्याच अभ्यासातून हे शास्त्र उभं राहिलं.

सुरुवात 1861 पासून करावी लागते. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. आजचा यवतमाळ तेव्हा वणीच्या नावाने, इंग्रजांच्या उच्चारात ‘वूण’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला 1905 मध्ये मिळालं. काळ्या जमिनीत बनी आणि जरी या देशी वाणांचा कापूस पिकत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग इंग्लंडची नजर मुंबईकडे आणि मुंबईची वऱ्हाडाकडे वळली. भाव काही पटींनी चढले. मुंबईत त्या पैशावर नव्या बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर हातोहात फिरू लागले, प्रेमचंद रायचंद या दलालाचं नाव घरोघर झालं. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली आणि सगळा डोलारा खाली आला. 1 जुलै 1865 ही वायद्याच्या हिशेबाची तारीख होती. त्या दिवशी मुंबईतली कितीतरी नामांकित घराणी देणं चुकवू शकली नाहीत.

तेजी गेली, पण कापूस गेला नाही. 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रूळ टाकले, तीच आपली शकुंतला. दारव्हा-यवतमाळचा माल मुख्य मार्गावर आणून मुंबईच्या बंदराला भिडवायचा, हे तिचं काम. 1870 मध्ये समुद्राखालून तार आली. महिन्यामहिन्याने पत्रातून कळणारा लिव्हरपूलचा भाव मुंबईला तारेने कळू लागला. म्हणजे वणीच्या शेतकऱ्याने कापूस वेचण्याआधीच त्याची किंमत दुसऱ्या खंडात हलत होती, आणि ती हालचाल आता रोजची झाली होती.

कुठल्याही सांख्यिकीला आधी नोंद लागते. इथे वऱ्हाडचं एक मोठं देणं आहे आणि त्याचा उल्लेख फार थोडे करतात. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ 1886 मध्ये कारंजा इथे सुरू झाली. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण दारव्हा आणि नेरच्या कापसाला ते शेजारचंच गाव. मग 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. उघडा लिलाव, तपासलेला काटा, बाजार चालवणारी समिती ही घडी तिथे बसली. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या तिच्याच वंशातल्या.

हर्रास जवळून पाहिला, की भावाची नोंद म्हणजे काय ते कळतं. बंड्या आणि ट्रॉल्या ओळीत लागलेल्या असतात. खरेदीदाराचा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा थर उन्हात सुकलेला असतो. तो आतला पुंजका काढतो, चिमटीत धरून तंतू ओढतो आणि अंगठ्याच्या नखावर त्याची लांबी पाहतो. एखादी सरकी दाताखाली फोडतो. कडक फुटली तर माल कोरडा, दबली तर ओल आहे. मग बोली लागते आणि कागदावर एक आकडा चढतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं त्या कागदावर तेवढंच उरतं. असे आकडे दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष लिहिले गेले, की त्यांतून एक रेघ तयार होते. शास्त्र त्या रेघेवर चालतं.

मुंबईने मात्र शास्त्राची वाट पाहिली नाही. 1875 मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली आणि कापसाचे वायदे संघटित रीतीने होऊ लागले. वायद्यांच्या सोबतीने बाजारात आणखी एक सौदा चाले. आजच्या भावाने पुढच्या ठरलेल्या तारखेला कापूस घेण्याचा हक्क हवा असेल, तर थोडी रक्कम आगाऊ मोजून ‘तेजी’ घ्यायची. त्याच भावाने विकण्याचा हक्क हवा असेल, तर ‘मंदी’. आणि दोन्ही हक्क एकत्र घेतले, तर ‘तेजी-मंदी’. तेजी-मंदी घेणाऱ्याला भाव चढतो की पडतो याची पर्वा नसे. तो भरपूर हलला पाहिजे, एवढीच त्याची इच्छा. भाव जागच्या जागी राहिला, तर त्याची आगाऊ रक्कम बुडाली; दोहोंपैकी कुठेही जोरात गेला, तर तो कमावला.

या सौद्यात एक फार खोल गोष्ट घडते. तेजी-मंदीची किंमत ही कापसाची किंमत नव्हे, कापसाच्या भावातल्या चढउताराची किंमत आहे. पाऊस वेळेवर आला, लिव्हरपूल शांत आहे, अशा दिवसांत ती स्वस्त. युद्धाची वार्ता आली, बोंडअळीची बातमी आली, की महाग. मुंबईत काळबादेवीच्या पेढीवर बसलेला व्यापारी ही रक्कम सांगे, तेव्हा पुढच्या महिन्यात बाजार किती हलेल याचा आपला अंदाज तो रुपयांत मांडत असे. त्याच्याजवळ सूत्र नव्हतं, पण त्याला काय मोजायचं ते अचूक कळलेलं होतं. मला या परंपरेबद्दल आदर वाटतो. ती सट्ट्याचीही होती आणि तिने माणसं बुडवली, हे खरंच. तरी अनिश्चिततेला स्वतंत्र किंमत असते, हे ज्ञान तिच्यात होतं.

सरकारने ती बंद केली. 1939 मध्ये मुंबई प्रांताने कापसातल्या अशा सौद्यांवर बंदीचा कायदा आणला. स्वातंत्र्यानंतर 1952 च्या वायदे करार नियमन कायद्याने सर्वच मालातले असे हक्काचे सौदे निषिद्ध ठरवले. त्या कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली हे बाजारातले शब्द जसेच्या तसे आहेत, आणि त्यांच्या शेजारी पुट व कॉल हे इंग्रजी शब्द. 1956 च्या शेअरविषयक कायद्यातही तीच यादी आली. पुढे साठच्या दशकात कापसाचे वायदेही थांबले.

बंदीने माणसाची ओढ संपत नाही. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजचे कापसाचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत, आणि त्यांच्या आकड्यांवर गिरणगावात पैसे लागत. 1961 च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत निघाली आणि मटका जन्मला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मटक्यात राहिले ते कापसाच्या भावाचेच. वऱ्हाडातल्या सट्टापट्टीने कितीतरी घरांची मजुरी गिळली. तिचं मूळही कापसाच्या रेघेतच आहे.

त्याच काळात, त्याच न्यूयॉर्कच्या बाजाराचे आकडे अमेरिकेत वेगळ्याच हातांत पडले.

त्याआधी थोडी पूर्वपीठिका. 1900 मध्ये पॅरिसला लुई बाशेलिए या तरुणाने सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला होता. भावातले बदल एकमेकांपासून स्वतंत्र आणि घंटेच्या आकाराच्या वक्रात बसणारे असतात, असं त्याने मानलं. 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या हेन्री मूर यांनी कापसाचं उत्पन्न आणि भाव यांच्या भाकितावर अख्खं पुस्तक लिहिलं. पाऊस आणि तापमानावरून त्यांनी उत्पन्नाचे अंदाज बांधले आणि ते सरकारी अंदाजांच्या शेजारी ठेवून पारखले. 1953 मध्ये लंडनचे मॉरिस केंडल यांनी शेअर आणि गव्हाबरोबर न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव तपासले. 1816 पासूनची रेघ त्यांना मिळाली होती. दरवेळी कापूस का? कारण इतक्या लांब काळाची, इतकी सलग आणि इतकी काटेकोर नोंद फार थोड्या मालांची होती. जगभर जाणारा माल, जगभर लिहिला जाणारा भाव.

बेन्वा मँडेलब्रॉट तेव्हा आयबीएम कंपनीत काम करत होते. हार्वर्डला व्याख्यानासाठी गेले असता हेंड्रिक हाउथॅकर या अर्थशास्त्रज्ञांच्या फळ्यावर त्यांना एक आकृती दिसली. ती त्यांच्याच व्याख्यानातल्या आकृतीसारखी होती. मात्र त्यांची आकृती माणसांच्या उत्पन्नाची, आणि ही कापसाच्या भावाची. हाउथॅकर त्या भावांना कंटाळले होते. घंटेच्या वक्रात ते काही केल्या बसत नव्हते. त्यांनी पंचकार्डांचे खोके मँडेलब्रॉटना देऊन टाकले. मँडेलब्रॉटनी आणखीही आकडे जमवले. 1880 ते 1940 चे मासिक भाव, 1900 ते 1905 चे आणि 1944 ते 1958 चे रोजचे भाव, असा तो साठा होता. 1963 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की मोठ्या उड्या फार जास्त आहेत. घंटेचा वक्र खरा मानला, तर नेहमीच्या चढउताराच्या पाचपट उडी सात हजार वर्षांत एखाद्या दिवशी पडावी. कापसाच्या रेघेत तशा उड्या माणसाच्या एका हयातीत अनेकदा दिसत होत्या. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता नोंदवली आणि पुढे तीच सर्वांत महत्त्वाची ठरली: मोठ्या बदलाच्या मागोमाग मोठा बदल येतो, मग तो वरचा असो की खालचा, आणि लहान बदलामागे लहान. खवळलेले दिवस घोळक्याने येतात, शांत दिवसही घोळक्याने.

यवतमाळच्या कुठल्याही जुन्या अडत्याला हे सांगितलं, तर तो मान डोलावेल. बाजार एकदा बिथरला की लवकर शांत होत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. उन्हाळ्यात टिनाचं छप्पर सूर्य मावळल्यावरही तापलेलं राहतं, तसंच हे आहे. पण अनुभवाला सूत्रात बांधायला आणखी एकोणीस वर्षं लागली.

ते सूत्र रॉबर्ट एंगल यांनी बांधलं. 1979 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये होते आणि प्रश्न कापसाचा नव्हता, ब्रिटनच्या महागाईचा होता. 1982 मध्ये त्यांचा निबंध आला. आजचा चढउतार कालच्या धक्क्याच्या वर्गावर अवलंबून असतो, असं त्याचं सार. डेव्हिड हेंड्री यांनी सुचवलेलं ‘आर्च’ हे नाव त्याला मिळालं. 1986 मध्ये एंगल यांचे डॅनिश विद्यार्थी टिम बोलर्स्लेव्ह यांनी त्यात एक पद वाढवलं. काल धक्का किती बसला एवढंच न पाहता, काल आपण चढउतार किती धरला होता तेही पुढे न्यायचं. हा ‘गार्च’. एंगलना 2003 चा अर्थशास्त्राचा नोबेल सन्मान क्लाइव्ह ग्रेंजर यांच्याबरोबर मिळाला. मँडेलब्रॉटनी जाता जाता लिहिलेल्या त्या निरीक्षणाला आता यंत्र मिळालं होतं.

यंत्र कसं चालतं ते कागदावर करून पाहू. गार्चचा सर्वांत साधा भाऊ घेऊ. जे. पी. मॉर्गन बँकेने 1994 मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. नियम इतकाच: कालच्या चढउताराच्या वर्गाला 0.94 ने गुणा, आजच्या बदलाच्या वर्गाला 0.06 ने गुणा, आणि बेरीज करा. समजा भाव रोज साधारण 1 टक्का हलतो. त्याचा वर्ग 1. आज तो अचानक 4 टक्के पडला. त्याचा वर्ग 16. 0.94 मध्ये 0.96 मिळवले की 1.90 येतात आणि त्याचं वर्गमूळ 1.38 च्या आसपास. म्हणजे उद्यासाठी आपण 1 ऐवजी जवळपास 1.4 टक्के हालचाल धरायची. आता पुढे दहा दिवस भाव अजिबात हलला नाही असं धरा. 1.90 रोज 0.94 ने घटत दहाव्या दिवशी 1.02 वर येतो. एका धक्क्याची आठवण पुसायला दहा पूर्ण शांत दिवस लागले. दहा दिवस पूर्ण शांत बाजार कुणी पाहिलाय? मध्ये आणखी एक धक्का आला, की आठवण पुन्हा ताजी होते आणि घोळका लांबतो. गार्चमध्ये याला एक तळही असतो: खवळलेला बाजार हळूहळू आपल्या नेहमीच्या पातळीकडे येतो, शून्याकडे जात नाही.

भारतात हे गणित 1998 मध्ये आलं. शेअर निर्देशांकाचे वायदे सुरू करण्याआधी धोका किती धरायचा, हे ठरवण्यासाठी सेबीने प्रा. जयंत वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला, आणि त्या गटाने हीच 0.94 ची रीत स्वीकारली. जून 2000 मध्ये मुंबईत निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. 2008 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने इंडिया व्हिक्स हा आकडा काढायला सुरुवात केली. निफ्टीच्या ऑप्शनच्या किमतींवरून पुढच्या तीस दिवसांत बाजार किती हलेल याची बाजाराची अपेक्षा तो सांगतो. मार्च 2020 मध्ये तो ऐंशीच्या वर गेला होता. माझ्या दृष्टीने व्हिक्स ही काळबादेवीच्या तेजी-मंदीचीच पणती आहे. दोघींमध्ये एकच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर सौद्याच्या किमतीतूनच घेतलं जातं.

मग कापसाचं काय झालं? ज्या मालाच्या भावाने हे सगळं शिकवलं, त्याच्या गावी यातलं काय परत आलं?

एक प्रयत्न झाला होता, आणि तोही यवतमाळच्याच माणसाच्या कारकिर्दीत. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1971 च्या कायद्याने राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि 1972 पासून कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा असं ठरलं. संकलन केंद्रं, ग्रेडर, गठाणी, उशिरा मिळणारे चुकारे हे त्या पिढीचे शब्द. या योजनेत एक फार शहाणी तरतूद होती: भाव चढउतार निधी. हंगाम संपून रुई विकल्यावर हमीभावापेक्षा जास्त पैसे आले, तर तीन हिस्से शेतकऱ्याला अंतिम भाव म्हणून द्यायचे आणि चौथा हिस्सा या निधीत ठेवायचा. भाव पडलेल्या वर्षी तो निधी खर्चायचा. चांगल्या वर्षाने वाईट वर्ष सांभाळायचं.

कल्पना उदात्त होती आणि ती राबवणारे सगळे नालायक होते, असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गृहीत लपलं होतं: चांगली आणि वाईट वर्षं पाळीपाळीने येतात. कापसाच्या रेघेने 1963 मध्येच दाखवलं होतं, की उत्पात एकटा येत नाही आणि उडी अपेक्षेहून फार मोठी असते. ठरीव चौथा हिस्सा लागोपाठच्या वाईट वर्षांपुढे कसा टिकणार? नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर राज्याने हमीभावावर आणखी रक्कम चढवून भाव जाहीर केले, जागतिक भाव उतरले, तोटा साचत गेला. निधीचा आधार उरला नाही. शेजारी जास्त भाव असे त्या वर्षी कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई, आणि भाव नसे त्या वर्षी सगळा संकलन केंद्रावर येई. म्हणजे नफ्याचा कापूस बाहेर, तोट्याचा आत. नव्या शतकाच्या सुरुवातीला खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. चढउतार मोजून निधीचा आकार ठरवला असता, शांत वर्षांत जास्त आणि तापलेल्या वर्षांत वेगळा हिशेब ठेवला असता, तर योजना तरली असती का? भावाबाबतच्या राजकीय निर्णयांपुढे कदाचित तरीही नाही. पण तिला लढायला काही तरी मिळालं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतरच्या उड्या सर्वांना आठवतात. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. यादवी युद्धानंतर असा भाव झाला नव्हता. मार्च 2012 मध्ये केंद्राने एका रात्रीत निर्यात बंद केली. 2022 च्या उन्हाळ्यात रुईची खंडी एक लाख रुपयांवर गेली. तो भाव पुन्हा येईल म्हणून पुढच्या हंगामात विदर्भात कित्येकांनी कापूस घरातच ठेवला. खोल्या भरल्या, मुलाबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव आला नाही. 19 ऑगस्ट 2025 पासून आयातीवरचं 11 टक्के शुल्क काही महिने उठवलं गेलं, तेही नवा कापूस यायच्या तोंडावर. असे निर्णय गार्चला आधी दिसत नाहीत. ते जाहीर झाल्यावर बाजार किती दिवस खवळलेला राहील, एवढंच गार्च सांगू शकतो. हेही थोडं नाही.

अभ्यासकांनी कापसावर हे गणित लावलेलं आहे. दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये कापसाच्या जागतिक भाव-निर्देशांकावर गार्च आणि त्याचे भाऊबंद तपासून पाहिले. एमसीएक्सवर 2011 मध्ये कापसाचा वायदा सुरू झाला, आणि डिलिव्हरीच्या केंद्रांत राजकोटबरोबर यवतमाळचंही नाव आलं. 1952 च्या कायद्याने बंद केलेले मालातले ऑप्शन 2017 मध्ये सोन्यापासून पुन्हा सुरू झाले. हे सगळं आहे. पण बाजार समितीच्या फलकावर आजही कालचा किमान, कमाल आणि सरासरी भाव लिहिला जातो. पुढच्या चार महिन्यांत तो किती हलू शकतो, हा आकडा तिथे नसतो.

तो काढणं अवघड नाही. समजा आज कापूस क्विंटलला 7500 रुपये आहे आणि वर्षाचा चढउतार 20 टक्के मोजला गेला आहे. चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. त्याचं वर्गमूळ 0.577. म्हणजे चार महिन्यांचा चढउतार साडेअकरा टक्के, सुमारे 865 रुपये. तीनपैकी दोन वेळा भाव 6635 ते 8365 च्या मध्ये राहील. खवळलेल्या वर्षी चढउतार 40 टक्के असेल, तर हेच अंतर दुप्पट होऊन 5770 ते 9230 होतं. मँडेलब्रॉटचा इशारा लक्षात ठेवून तिसऱ्या वेळेची तयारीही ठेवायची. आता दुसऱ्या बाजूला ठेवण्याचा खर्च मांडा. सावकाराचं कर्ज दरमहा 2 टक्क्यांचं असेल, तर 7500 वर चार महिन्यांचे 600 रुपये नक्की जातात, शिवाय वाळून वजन घटतं ते वेगळं. 865 ची दोन्हीकडची शक्यता आणि 600 चा एकतर्फी खर्च हे समोरासमोर दिसले, की सगळा कापूस ठेवायचा, सगळा विकायचा की कर्ज फिटेल एवढा काढायचा, हा निर्णय घरात बसून घेता येतो.

आणि हमीभावाचंही असंच. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये आहे. ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क, म्हणजे जुन्या बाजाराच्या बोलीत सरकारने शेतकऱ्याला दिलेली ‘मंदी’. बाजार जितका खवळलेला, तितकी या हक्काची किंमत मोठी, आणि ती मोजायचं गणित तयार आहे. पण हक्क वापरता आला तरच त्याला किंमत. कापूस महामंडळाची केंद्रं दसरा-दिवाळीला उघडतात की महिनाभराने, बारा टक्क्यांवर ओल दाखवून किती गाड्या परत जातात, नोंदणी किती जणांची होते, यावर ती मंदी खरी की कागदावरची हे ठरतं. ज्या वर्षी केंद्र एक महिना उशिरा उघडलं, त्या वर्षी पांढरकवड्याच्या शेतकऱ्याचे त्या हक्कापोटी क्विंटलमागे किती रुपये गेले, हे आता काढता येतं. कापूस महामंडळाने आणि बाजार समित्यांनी तो आकडा दर हंगामाच्या शेवटी जाहीर करावा, ही माझी मागणी आहे.